सीमोल्लंघनाचा सोबती : नीलपंख

दसऱ्याच्या दिवशी सीमोल्लंघनास निघालेल्या माणसाच्या दृष्टीस नीलकंठ पडावा, म्हणजे पुढचे वर्ष सुखाचे जाते, अशी समजूत आपल्या भागात फार दिवसांपासून आहे. मराठी घरांतून या पक्ष्याला नीलकंठ, नीलपंख, चास अथवा तास म्हणतात. आपले तेलुगू शेजारी त्यालाच पालपिट्टा म्हणतात. बाजारहत्नूरच्या परिसरात मराठी, तेलुगू आणि गोंडी या भाषा एकाच बाजाराच्या दिवशी कानांवर पडतात. सण साजरे करण्याच्या रीतीही घरोघरी थोड्याफार निराळ्या. मराठी माणूस आपट्याचे पान सोने म्हणून देतो, तेलुगू माणूस जम्मीचे, म्हणजे शमीचे पान देतो. परंतु दसऱ्याच्या दिवशी हा निळा पक्षी दिसावा, या इच्छेत मात्र भेद नाही.

तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात राज्याची मानचिन्हे ठरली. त्यांत राज्यपक्षी म्हणून पालपिट्टा, राज्यवृक्ष म्हणून जम्मी आणि राज्यपुष्प म्हणून तंगेडु, म्हणजे आपला तरवड, यांची निवड झाली. तरवडाची पिवळी फुले बतुकम्मेत रचली जातात, आणि तो उत्सव संपतो न संपतो तोच दसरा येतो. फूल, वृक्ष आणि पक्षी, तिन्ही आश्विन महिन्याशी बांधलेली. कर्नाटक आणि ओडिशा या राज्यांनीही याच पक्ष्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. इतका मान फार थोड्या पक्ष्यांच्या वाट्याला आला असेल. पण विद्यार्थिमित्रहो, मान देणे आणि ओळख असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याला आपण इतका मानतो, तो पक्षी दिसतो कसा, खातो काय, पिले वाढवतो कोठे, हे आपणांपैकी कितीजणांना सांगता येईल? आणि ओळख नसली म्हणजे मानातूनच अपाय कसा घडतो, हेही या पक्ष्याच्या उदाहरणावरून समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम नावाचा घोटाळा सोडवू. इंग्रजी अमदानीत या पक्ष्याला साहेब लोक 'ब्लू जे' म्हणत, आणि जुन्या वळणाच्या माणसांच्या तोंडून ते नाव अजूनही ऐकू येते. 'जे' हे युरोपातील एका रंगीत पक्ष्याचे नाव आहे. तो कावळ्याच्या कुळातला. अठराव्या शतकात एलिझर अल्बिन या इंग्रज चित्रकाराने आपल्या पक्ष्यांच्या ग्रंथात या भारतीय पक्ष्याचे चित्र दिले आणि त्याला 'बंगालचा जे' असे नाव दिले. पुढे १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने सृष्टीतील जीवांना शास्त्रीय नावे देताना अल्बिनच्याच वर्णनाचा आधार घेतला आणि या पक्ष्याला कावळ्याच्या प्रजातीत बसवून टाकले. नंतरच्या शास्त्रज्ञांनी ही चूक दुरुस्त केली. आज त्याचे शास्त्रीय नाव 'कोरॅसियस बेंगालेन्सिस' असे आहे आणि इंग्रजीत त्याला 'इंडियन रोलर' म्हणतात. तेव्हा हा 'जे' नव्हे. खरे 'जे' भारतात हिमालयाच्या रांगांत आढळतात; दक्षिणेत त्यांचा वास नाही. आपल्याकडे झाडांवर लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा टकाचोर दिसतो, तो मात्र खरोखरच कावळ्यांचा भाऊबंद आहे. नीलपंखाचे नाते जुळते ते खंड्याशी आणि वेड्या राघूशी. तिघांचीही एक खूण समान आहे. तिघेही काटक्यांचे उघडे घरटे बांधीत नाहीत. पोकळीत अथवा बिळात पांढरी अंडी घालतात.

'नीलकंठ' हे नावदेखील काटेकोरपणे पाहिले तर बरोबर नाही. श्रीशंकराने हलाहल प्राशन केले आणि त्याचा कंठ निळा झाला, या कथेवरून भाविकांनी हे नाव पक्ष्याला दिले असावे. प्रत्यक्षात याचा कंठ निळा नाहीच. तो फिकट जांभळट-तपकिरी असून त्यावर पांढऱ्या रेषा असतात. निळे आहेत ते पंख. म्हणून 'नीलपंख' हेच नाव याला अधिक शोभते, आणि या लेखात तेच वापरले आहे. संस्कृतात याला 'चाष' म्हणतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ओषधींच्या सूक्तात 'चाष' आणि 'किकिदीवि' हे शब्द आले आहेत, आणि अमरकोशाने हे दोन्ही शब्द एकाच पक्ष्याची नावे म्हणून दिले आहेत. आपल्या मराठीतील 'चास' हा त्याच 'चाष' शब्दाचा वंशज. हे नाव वैदिक काळापासून लोकांच्या जिभेवर आहे, यावरून या देशातील माणसाची आणि या पक्ष्याची ओळख किती जुनी आहे हे ध्यानात येईल.

आता रूप पाहू. आकाराने नीलपंख पारव्याएवढा भरतो. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी सुमारे ३० ते ३४ सेंटिमीटर. डोके अंगाच्या मानाने मोठे, मान आखूड, चोच काळसर आणि मजबूत. डोक्याचा माथा हिरवट निळा, पाठ मळकट तपकिरी, छाती तांबूस तपकिरी आणि पोट फिकट निळे. नर व मादी सारखीच दिसतात. नुसत्या रूपावरून त्यांतला भेद सांगता येत नाही. विजेच्या तारेवर पंख मिटून बसलेला नीलपंख दुरून पाहिला, तर हा सुंदर पक्षी म्हणून प्रसिद्ध आहे यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. एखादा मातकट रंगाचा, जाड मानेचा, काहीसा आळशी पक्षी पेंगत बसला आहे, एवढेच वाटेल.

परंतु तोच पक्षी तारेवरून उडाला की पाहणारा थक्क होतो. पंख उघडताच गडद निळा आणि फिकट आकाशी अशा दोन निळ्या रंगांचे पट्टे झळकतात. शेपटी आकाशी, आणि तिच्या टोकाला गडद निळी किनार. पंखांची प्रत्येक फडफड म्हणजे या दोन निळ्यांची उघडझाप. पुन्हा बसला की सगळे वैभव मिटून जाते. मुठीत नाणे लपवावे तसा हा पक्षी आपला रंग लपवून बसतो, आणि उडतानाच तो खर्च करतो.

खंड्या आणि नीलपंख यांच्यात पुष्कळजणांची गल्लत होते, कारण खंड्याची पाठही निळी असते. ओळख सोपी आहे. खंड्याची चोच लांब, जाड व लालभडक असते आणि गळा-छाती पांढरी शुभ्र असते. नीलपंखाची चोच काळसर, आणि त्याच्या छातीवर पांढरेपणाच्या नुसत्या बारीक रेषा.

हा निळा रंग येतो कोठून, हाही एक मनोरंजक प्रश्न आहे. पळसाची फुले उकळली की पाण्यात रंग उतरतो. तसा या पिसांतून निळा रंग उतरत नाही, कारण त्यांत निळे रंगद्रव्यच नसते. पिसाच्या बारीक तंतूंत हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असलेला, स्पंजासारखा थर असतो. या पोकळ्यांची ठेवण अशी असते की, त्यावर पडलेल्या प्रकाशातील निळा भाग तेवढा आपल्या डोळ्यांकडे जोराने परत फिरतो. त्याखाली असलेले काळे द्रव्य बाकीचा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे निळाई अधिकच खुलते. वाटेवर गळून पडलेल्या अशा पिसाच्या आरपार उजेडाकडे पाहिले, तर निळा रंग नाहीसा होऊन ते मळकट तपकिरी दिसू लागते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांवर एक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी या नीलपंखाची पिसे तपासली. आकाश ज्या कारणाने निळे दिसते, तेवढ्या कारणाने या पिसांच्या निळाईचा उलगडा होत नाही. पिसाच्या अंतर्रचनेचाही त्यात वाटा आहे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. जगद्विख्यात शास्त्रज्ञाला विचारात पाडणारी ही निळाई आपल्या शेताच्या बांधावर रोज विनामूल्य पाहावयास मिळते!

रूपाइतकीच या पक्ष्याची राहणी लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. नीलपंख घनदाट अरण्याचा रहिवासी नाही. त्याला मोकळी जमीन लागते, आणि त्या जमिनीवर नजर ठेवण्यासाठी उंच बैठक लागते. आदिलाबाद जिल्ह्यात सागाची जंगले आहेत, त्यांच्या कडेला कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी यांची शेते आहेत, बांधांवर मोह, पळस, कडुनिंब आणि ताड उभे आहेत, आणि आता गावोगाव विजेचे खांबही आले आहेत. अशी जागा नीलपंखाला मानवते. इच्चोड्याकडून बाजारहत्नूरकडे येताना किंवा बोथच्या वाटेने जाताना तारांकडे लक्ष ठेवावे. हा पक्षी भेटण्याची संधी तेथेच अधिक.

तारेवर तो तासन्‌तास बसलेला दिसतो. ही त्याची झोप नसून पहारा असतो. खाली गवतात एखादा नाकतोडा हलला, भुंगेरा सरपटला, की तो सरळ झेप घेऊन जमिनीवर उतरतो, भक्ष्य चोचीत पकडतो आणि पुन्हा त्याच जागी किंवा शेजारच्या खांबावर येऊन बसतो. भक्ष्य मोठे असले तर फांदीवर आपटून आपटून मारतो आणि मग गिळतो. त्याच्या आहारात जवळजवळ निम्मा भाग भुंगेऱ्यांचा आणि सुमारे पाव भाग नाकतोडे व रातकिडे यांचा असतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. उरलेल्यात कोळी, विंचू, बेडूक, सरडे आणि लहान साप हेही येतात.

एकाच तारेवर कधी कधी नीलपंख, कोतवाल आणि वेडा राघू असे तिघेही बसलेले दिसतात. तिघेही किडे खाणारे. मग त्यांचे भांडण का होत नाही? थोडा वेळ उभे राहून पाहिले तर उत्तर सापडते. वेडा राघू उडत्या माश्या आणि चतुर हवेतल्या हवेत टिपतो. कोतवाल हवेतही मारतो आणि गुरांच्या पायांशीही घिरट्या घालतो. नीलपंखाची नजर मुख्यतः जमिनीवर असते. एकाच ताटातले तीन जेवणारे, पण प्रत्येकाचा घास निराळा.

शेतकऱ्याच्या कामाकडे तर नीलपंखाचे बारीक लक्ष असते. नांगर किंवा ट्रॅक्टर चालू झाला की मातीखालचे किडे आणि अळ्या उघड्यावर पडतात, आणि नीलपंख तेथे हजर होतो. कोठे गवताला आग लागली, तर ज्वालांपुढे पळणारे किडे पकडण्यासाठीही तो येतो. पहिल्या पावसानंतर वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात. तो दिवस नीलपंखाच्या मेजवानीचा. तिन्हीसांजेला रस्त्याच्या दिव्याभोवती जमलेले किडे टिपतानाही तो दिसतो. एक पक्षी शेतातील सारी कीड नाहीशी करतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु दिवसभर, वर्षभर, मजुरी न मागता पिकाभोवती पहारा करणारा हा सेवक शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, एवढे निश्चित. तेलुगू नावातील 'पाल' म्हणजे दूध. याची पिसे बारीक करून गवतातून गाईला चारली की दूध वाढते, अशी एक जुनी समजूत होती. दूध काही त्याने वाढत नाही. मात्र या पक्ष्यापासून शेतकऱ्याच्या घराला लाभ आहे, एवढा तिच्यातला अंश खरा आहे. तो लाभ मेलेल्या पक्ष्याच्या पिसांत नसून जिवंत पक्ष्याच्या भुकेत आहे.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास हा शांत पहारेकरी एकाएकी बदलतो. नर आकाशात उंच चढतो आणि तेथून अंग डावीकडे-उजवीकडे लोळवीत, कोलांट्या खात खाली येतो. या लोळण्यावरूनच इंग्रजीत त्याचे 'रोलर' हे नाव पडले. मादीचे मन वळविण्यासाठी हा खेळ चालतो. दोन निळ्यांचे ते चक्र उन्हात फिरताना पाहिले की डोळ्यांचे पारणे फिटते. डोळ्यांचे म्हटले, कानांचे मात्र नव्हे. याचा आवाज कर्कश. 'चॅक्, चॅक्' असे घोगरे ओरडणे ऐकले की अल्बिनने याला कावळ्याच्या नातलगाचे नाव का दिले, याची थोडी कल्पना येते. या दिवसांत तो मोठा शूरही होतो. घरट्याजवळ कावळा आला, घार आली, तरी तिच्यावर तुटून पडतो.

घरटे म्हणजे झाडाची ढोली. सुताराने कोरून सोडलेले भोक, किडीने पोखरलेला ओंडका, वठलेल्या ताडाचा पोकळ शेंडा, क्वचित जुन्या भिंतीतील खिंडार, यांपैकी जे मिळेल ते. स्वतः ढोली कोरण्याचे हत्यार याच्याजवळ नाही. म्हणून तो दुसऱ्याने केलेल्या पोकळीवर अवलंबून असतो. आत मादी ३ ते ५ अंडी घालते. ती पांढरी शुभ्र असतात. उघड्या घरट्यातील अंड्यांवर ठिपके आणि मळकट रंग असतात, कारण ती शत्रूच्या नजरेस पडू नयेत. अंधाऱ्या ढोलीत अंडे कोणाला दिसणार? तेथे रंगाचे प्रयोजनच राहत नाही. सुमारे १७ ते १९ दिवस अंडी उबविली जातात. पहिले अंडे घालताच उबविण्यास प्रारंभ होत असल्याने सगळी पिले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. घरात थोरली-धाकटी भावंडे असावीत, तशी ढोलीत लहानमोठी पिले दिसतात. महिनाभर आईबाप त्यांना भरवतात, आणि ३० ते ३५ दिवसांनी पिले उडू लागतात. भर उन्हाळ्यात, शेते उघडी पडलेली असताना, ही दोन पाखरे किती किडे वेचीत असतील याचा विचार करावा.

येथवर पक्ष्याचे गुण सांगितले. आता त्याच्या वाट्याला काय येते ते सांगणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात स्त्रियांच्या टोप्या पिसांनी सजविण्याची मोठी हौस होती आणि त्यासाठी भारतातून पक्ष्यांची पिसे व कातडी परदेशी जात. नीलपंखाचे निळे पंख या व्यापारातून सुटणे शक्यच नव्हते. अखेर १९०२ साली सरकारला रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. ते संकट सौंदर्यामुळे आले. दुसरे संकट आपल्या भक्तीमुळे आले आहे, आणि ते अद्याप टळलेले नाही.

दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन व्हावे, यामागे कथा आहेत. रावणावर चाल करून जाण्यापूर्वी श्रीरामाला हा पक्षी दिसला, असे काही सांगतात. अज्ञातवास संपवून परतणाऱ्या पांडवांना हा दिसला आणि नंतर त्यांना जय मिळाला, असे दुसरे सांगतात. शमीच्या झाडावर पांडवांनी शस्त्रे ठेवली होती, ही कथा तर सर्वांना ठाऊक आहे. या कथांतून जी रीत निघाली ती फार सुंदर आहे. माणसाने वर्षातून एक दिवस तरी गावाची शीव ओलांडावी, रानाकडे जावे, झाडाला वंदन करावे, आणि मोकळ्या आकाशात एक निळा पक्षी उडताना पाहावा. आश्विनात पावसाळा ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ असते, सोयाबीनच्या काढणीमुळे शेते उघडी पडू लागतात आणि किड्यांचा सुकाळ असतो. म्हणजे ज्या दिवसांत नीलपंख सहज दिसावा, त्याच दिवसांत पूर्वजांनी त्याचे दर्शन सांगितले.

पण रानापर्यंत जाण्याचे श्रम कोणाला? मोठ्या शहरांतून दसऱ्याच्या आधी काही दिवस फासेपारधाचा धंदा करणारे लोक जाळी लावून, फांद्यांना चिकट पदार्थ फासून हे पक्षी पकडतात. पाय बांधून, पंख कापून किंवा चिकटवून, त्यांना लहानशा पिंजऱ्यात कोंडतात आणि दारोदार फिरून पैसे घेऊन दर्शन देतात. गृहस्थ हात जोडतो, पैसे देतो, आणि पुण्य लाभले असे मानतो. दसरा आटोपला की पक्षी सोडून देतात; म्हणून यात फारसे पाप नाही, असेही समर्थन केले जाते.

हे समर्थन कसे चुकीचे आहे ते विज्ञानाच्या आधाराने पाहू. आपली नखे कापली तर ती मुळाकडून पुन्हा वाढतात. पिसाचे तसे नाही. पूर्ण वाढलेले पीस म्हणजे निर्जीव वस्तू. ते कापले तर त्याच जागी वाढत नाही. पक्ष्याची पिसे ठरावीक काळाने गळतात आणि नवी येतात, आणि कापलेल्या पिसाचे खुंट गळेपर्यंत त्या पक्ष्याला नीट उडता येत नाही. नीलपंखाचे पोट तर सर्वस्वी झेपेवर अवलंबून. ज्याला झेप घेता येत नाही त्याने सोडून दिल्यावर खावे काय, आणि कुत्र्या-मांजरांपासून स्वतःला वाचवावे कसे? जाळ्यात आणि पिंजऱ्यात अगोदरच उपासमार झालेली. सोडलेला पक्षी डोळ्यांआड होतो, म्हणून त्याचे मरण आपल्याला दिसत नाही, एवढेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे असा पक्षी पकडणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. वनखाते आणि पक्षिप्रेमी मंडळी दसऱ्याच्या सुमारास अशा पक्ष्यांची सुटकाही करतात. परंतु जोवर दर्शनाला गिऱ्हाईक आहे तोवर पिंजरे येतच राहणार. कायद्याने पकडणाऱ्याचा हात धरता येतो. पाहणाऱ्याचे मन त्याने स्वतःच वळवावे लागते.

संकटे एवढ्यावरच थांबत नाहीत. बांधावरचे वठलेले झाड आपल्याला निरुपयोगी वाटते आणि आपण ते तोडतो; त्याबरोबर एका कुटुंबाची ढोली जाते. कापसावर जहाल औषधे फवारली जातात. त्यांनी किडे मरतात आणि किड्यांवर जगणाऱ्याचे अन्नही नाहीसे होते. रस्त्यावर किडा टिपण्यास उतरलेला पक्षी वेगवान मोटारीखाली सापडतो. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातील सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदींच्या आधारे तो तयार झाला होता. नीलपंखाची संख्या अलीकडच्या काळात जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली असल्याचे त्यात आढळले, आणि त्याच्या सुरक्षिततेचा नव्याने विचार व्हावा अशी शिफारस झाली. आपल्याला तारेवर अजून दिसतो म्हणून तो विपुल आहे असे समजून निश्चिंत राहण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? पहिली गोष्ट सोपी आहे. एक वही करावी. शाळेत येता-जाता नीलपंख दिसला तर तारीख, वेळ, जागा आणि तो कशावर बसला होता, हे लिहावे. पाव तास उभे राहून तो किती वेळा जमिनीवर उतरला आणि किती वेळा चोचीत काही घेऊन परतला, हे मोजावे. वर्षभर अशी वही ठेवणाऱ्याला कोणत्या महिन्यात पक्षी अधिक दिसतात, कोणत्या शेताजवळ बसतात, हे आपोआप कळू लागेल. वर सांगितलेला अहवाल अशाच सामान्य माणसांच्या नोंदींतून उभा राहिला आहे. दुसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलण्याची. बांधावरचे एखादे वठलेले झाड राहू द्यावे, ढोलीत हात घालू नये, चैत्र-वैशाखात मुलांनी पिले काढू नयेत, हे त्यांना समजावून सांगावे. शहरातील नातेवाइकांकडे दसऱ्याला गेलो आणि दारात पिंजरा आला, तर हात जोडण्याऐवजी वनखात्याला कळवावे, आणि पैसे देऊ नयेत.

आणि तिसरी गोष्ट दसऱ्याची. सीमोल्लंघन या शब्दाचा अर्थच सीमा ओलांडणे असा आहे. पक्षी पिंजऱ्यात घालून उंबऱ्याशी आणला, तर सीमा पक्ष्याने ओलांडली, आपण नव्हे. ज्या गावाच्या शिवेबाहेर शेते आहेत, शेतांपलीकडे सागाचे रान आहे, आणि वाटेवर तारा व ताड आहेत, त्या गावच्या मुलांनी तरी दर्शन विकत घेण्याचे कारण नाही. सकाळी लवकर निघावे, आपट्याला किंवा जम्मीला वंदन करावे आणि रस्त्याच्या कडेने चालत राहावे. एखाद्या खांबावर मातकट रंगाचा, जाड मानेचा एक पक्षी बसलेला दिसेल. त्याच्याजवळ जाण्याची घाई करू नये. दगड मारून उडवू नये. त्याच्या पहाऱ्याचा आपणही थोडा वेळ पहारा करावा. नाकतोडा हलेल, तो झेप घेईल, आणि पंख उघडतील. तेवढे पाहून घरी यावे.